ऊसतोडीला निघताय? भांड्यांच्या आधी कागद बांधा. बिऱ्हाड हलवण्याची महिनाभराची तयारी

बीड (प्रतिनिधी) : दसरा तोंडावर आला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवर एकच विषय असतो. बॉयलर कधी पेटणार आणि मुकादमाचा ट्रॅक्टर कोणत्या दिवशी येणार? कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी सातारा-सोलापूर-नगर पट्ट्यात, तर कुणी थेट बेळगाव-बागलकोटला. दिवाळीच्या पुढं-मागं गाव अर्धं रिकामं होतं. पुढं पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, सगळा संसार फडाच्या कडेला कोपीत.

बिऱ्हाड बांधायला तसा वेळ लागत नाही. चार भांडी, दोन-तीन बोचकी, ताडपत्री, कोयते. एका रात्रीत सगळं ट्रॉलीत बसतं. पण एखादं भांडं राहिलं म्हणून कुणाचा हंगाम बिघडला असं होत नाही. हंगाम बिघडतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. अंगठा लागला नाही म्हणून रेशन मिळत नाही. पोराची शाळा तुटते ती तुटतेच. उचलीचा आकडा मुकादमाच्या वहीत एक आणि आपल्या डोक्यात दुसरा निघतो. ही कामं गावात असताना तासा-दोन तासांची असतात. तिकडं फडात उभं राहून ती करायची म्हटलं तर एक खाडा पडतो आणि काम होईलच याचा भरवसा नाही. म्हणून महिनाभर आधीपासून काय-काय उरकून घ्यायचं, ते इथं क्रमानं देत आहोत.

आधी ठरवा : कोण जाणार, कोण राहणार

पहिलं काम घरात बसून बोलायचं. नवरा-बायकोचा एक कोयता ठरला, पण म्हातारे आई-वडील, शाळेतली लेकरं, अंगावरचं बाळ, गरोदर सून, दुभती गाय यांचं काय? बऱ्याच घरांत हे आदल्या रात्री ठरतं, मग घाईत शाळेतली पोरगी धाकट्याला सांभाळायला म्हणून गाडीत बसते.

एका कागदावर दोन रकाने पाडा, जाणारे आणि राहणारे. राहणाऱ्यांपुढं लिहा : स्वयंपाक कोण करणार, औषध-पाणी कोण बघणार, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा. बी.पी., शुगरच्या गोळ्या चालू असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्या कोण आणून देणार, हेही आताच ठरवा. शेजारी किंवा भावकीतल्या एका माणसाला तसं तोंडावर सांगून ठेवा. "बघतील कुणीतरी" असं म्हणून निघालं की कुणीच बघत नाही.

पोरांची शाळा

यात दोन रस्ते आहेत. पहिला, लेकरू गावातच ठेवायचं. त्यासाठी आपल्या जिल्ह्यात शाळांमार्फत हंगामी वसतिगृह चालतं. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक ठिकाणी मूल आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं राहतं आणि जेवणाची सोय शाळेकडून होते. यासाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत यादी वर जाते. म्हणून मुख्याध्यापकांना लवकर भेटा आणि नाव यादीत आहे ना, हे डोळ्यानं बघा. गाडी निघायच्या दिवशी सांगून उपयोग नाही. याशिवाय ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत. तिथं जागा आहे का, याची चौकशी तालुक्याला गेल्यावर समाज कल्याण आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयात करता येते.

दुसरा रस्ता, लेकरू सोबत न्यायचं आणि तिकडच्या शाळेत घालायचं. अशा वेळी गावच्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कोणत्या वर्गात आहे, कुठपर्यंत शिकलंय, याची नोंद त्यात असते. ते दाखवून कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवता येतं. शाळा सोडल्याचा दाखला काढायची गरज नसते. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखला नाही किंवा वर्ष मध्यावर आलंय म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, तिकडं उपयोगी पडेल.

कर्नाटकात जाणाऱ्यांनी मात्र जास्त विचार करावा. बेळगाव भागात काही ठिकाणी मराठी शाळा आहेत, पुढं गेलं की कन्नड. तिसरी-चौथीतलं पोर तिथं नुसतं बसून राहतं. दहावी-बारावीच्या मुलांना तर कुठंच नेऊ नये. तोंडी, प्रात्यक्षिक आणि बोर्डाची परीक्षा ऐन हंगामात येते.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. "वयात आलेली पोरगी गावात एकटी कशी ठेवायची" या काळजीनं दिवाळीआधी लग्न उरकून टाकायचा विचार अनेक घरांत होतो. काळजी खोटी नाही. पण १८ वर्षांच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, आणि लग्न झालं की त्या पोरीच्या हातात वही जाऊन कोयता येतो. आईच्या वाट्याला जे आलं तेच तिच्याही वाट्याला. आजीजवळ ठेवून हंगामी वसतिगृह किंवा सरकारी वसतिगृह, हा पर्याय आधी बघा. कुठं बालविवाह ठरत असेल तर १०९८ वर कळवता येतं.

रेशन : अंगठा गावातच तपासा

'एक देश एक रेशन कार्ड' मुळं आपल्या कार्डावरचं धान्य राज्यातल्या कोणत्याही रेशन दुकानात मिळतं, कर्नाटकातही मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो. हे धान्य सध्या फुकट आहे. पण त्यासाठी तीन गोष्टी गावातच करून घ्या.

एक, कार्डावरच्या प्रत्येकाचं आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली आहे का, हे दुकानदाराकडून बघून घ्या. लहानपणी काढलेल्या आधारमध्ये ५ आणि १५ वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात. ते राहिलं असेल तर मुलाची ई-केवायसी अडकते.

दोन, कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर लिहून घ्या. कार्ड घरी राहिलं तरी हा नंबर आणि आधार यावर काम होतं.

तीन, ठशांचं बघा. फडात महिना-दीड महिना गेला की पाचटानं आणि कोयत्याच्या मुठीनं बोटं इतकी घासतात की मशीन अंगठा घेत नाही. हा अनुभव गावोगाव ऐकायला मिळतो. म्हणून घरातल्या एकाच्याच अंगठ्यावर विसंबू नका. नवरा, बायको, मोठा मुलगा, सगळ्यांचा अंगठा गावच्या मशीनवर लावून बघा, म्हणजे तिकडं एकाचा नाही लागला तर दुसऱ्याचा लागेल. आधारला जोडलेला मोबाईल नंबरही चालू ठेवा.

आता वाटणीचा मुद्दा. समजा कार्डावर ६ माणसं आहेत, म्हणजे महिन्याला ३० किलो. दोघं म्हातारे गावात आणि चौघं फडात. गावात १० किलो आणि तिकडं २० किलो असं वाटून उचलता येतं. पण गावात आधीच सगळे ३० किलो उचलले गेले तर तिकडं त्या महिन्याला काहीच शिल्लक दिसत नाही. मग तिकडच्या दुकानदाराशी भांडण होतं, चूक मात्र त्याची नसते. कुणी किती उचलायचं हे घरातच ठरवा. दुकानदार देतच नसेल तर १९६७ या नंबरवर तक्रार करता येते.

उचलीचा हिशोब : आपली वही वेगळी

उचल घेताना सगळे मोजून घेतात, पण लिहून थोडेच ठेवतात. दहा रुपयांची वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, रक्कम, रोख की खात्यावर, सोबत कोण होतं, आणि मुकादमाची सही. खात्यावर घेतलेली उचल सगळ्यात चांगली, बँकेचा पुरावा राहतो. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. कागद केला तर त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा आणि घरी राहणाऱ्या माणसालाही पाठवा.

मुकादमाला निघायच्या आधी चार प्रश्न विचारा. टनाला तोडणी किती धरणार? खाडा पडला तर किती कापणार? टायरगाडी घेतली तर भाडं किती? आठवड्याची खर्ची कोणत्या दिवशी मिळणार? जानेवारी २०२४ च्या समझोत्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती. तुमच्या कारखान्यावर प्रत्यक्ष दर काय बसतो, हे कारखान्याच्या गट ऑफिसात विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मुकादमाचं कमिशन हे तोडणीच्या दरावर वेगळं असतं, ते तुमच्या मजुरीतून जाता कामा नये.

उचल फिटायला किती ऊस तोडावा लागतो, याचं साधं गणित करून बघा. समजा उचल १ लाख आणि तोडणी टनाला ३६० रुपये धरली, तर फिटायला जवळपास २७८ टन ऊस तोडावा लागतो. एका कोयत्याला दिवसाला २ टन धरले तर १३९ दिवस, तेही एकही खाडा न पडता. वर दर आठवड्याची खर्ची उचलीत चढतच असते. म्हणजे सहा महिन्यांनी हातात काय उरणार, हे तिथल्या फडात ठरत नाही, आज गावात किती उचल घेता यावर ठरतं. लग्न, दवाखाना, घर यासाठी उचल घ्यावी लागते हे खरं, पण वरचा आकडा मांडून मगच घ्या.

तिकडं गेल्यावर रोजची खेप, टन आणि खर्ची वहीत लिहायची. घरात कुणाला लिहिता येत नसेल तर टोळीतल्या शिकलेल्या पोराला सांगा. वाढे विकून आलेले पैसे वेगळे लिहा, ते तुमचे असतात. उचल फिटली नाही म्हणून माणसाला डांबून ठेवणं, लेकरं किंवा बैल अडकवून ठेवणं बेकायदेशीर आहे. वेठबिगारीविरोधात १९७६ पासून कायदा आहे. अशा वेळी ११२ वर फोन करा, तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा.

गावातल्या ग्रामसेवकाकडं ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र घेतलं नसेल तर तेही आताच. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना या नोंदीवर चालतात.

बाया आणि लहान लेकरं

निघायच्या आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बाईची तपासणी करून घ्या. अंगात रक्त किती, बी.पी. किती, एवढं तरी बघा. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सोबत घ्या आणि त्या डब्यात न ठेवता रोज खा.

गरोदर बाई असेल तर दिवस कधी भरतात ती तारीख लिहून घ्या. हंगामाच्या मध्यावर बाळंतपण येत असेल तर तिला गावात ठेवणंच बरं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं काम तिचं नाही. जायचंच असेल तर माता व बाल संरक्षण कार्ड सोबत हवं. तिकडं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या अंगणवाडीत आणि आशाताईकडं नाव सांगायचं. बाळाची लस, पोषण आहार तिकडच्या अंगणवाडीतूनही मिळतो. गावातल्या अंगणवाडी सेविकेला मात्र "आम्ही अमुक ठिकाणी चाललो" हे सांगून जा, म्हणजे नोंद तिकडं वळवता येते.

गर्भपिशवीचा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. २०१९ मध्ये तो विधिमंडळात गाजला. पोटात दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून कुणी थेट पिशवी काढायला सांगितलं तर हो म्हणायच्या आधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच तक्रारी औषधानं बऱ्या होतात.

आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. योजनेत असलेल्या दवाखान्यात ते दुसऱ्या राज्यातही चालतं.

बैल आणि जनावरं

गाडीवान टोळ्यांसाठी बैल म्हणजे अर्धा कोयता. लाळ्या-खुरकूत आणि लंपीची लस निघायच्या किमान तीन आठवडे आधी टोचून घ्या. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला तेवढा वेळ लागतो. आदल्या दिवशी टोचून काही साधत नाही. बैलाच्या कानातला १२ अंकी बिल्ला आहे का बघा आणि त्याचा फोटो काढा. खुरांना पत्र्या मारून घ्या. गाडीच्या मागं लाल रिफ्लेक्टर लावा, रात्रीच्या खेपेला मागून येणाऱ्या वाहनाला बैलगाडी दिसत नाही.

मागं राहणाऱ्या शेळ्या-गाईंचा चारा मोजून ठेवा. म्हाताऱ्या माणसाला विहिरीवरून पाणी ओढून आठ जनावरं सांभाळता येत नाहीत. दोन ठेवा, बाकी विका किंवा अर्धलीनं द्या.

मागं राहिलेलं शेत आणि घर

ज्वारी पेरून निघणारी घरं बरीच. पण रब्बीची ई-पीक पाहणी साधारण डिसेंबर-जानेवारीत येते आणि ती गटात उभं राहून फोटो काढूनच होते. तुम्ही तेव्हा फडात असता. सातबाऱ्यावर पेरा आला नाही की पीक विमा, नुकसानीची मदत, कर्ज सगळीकडं अडतं. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची पाहणी करता येते, म्हणून गावातल्या एखाद्या पोराला आपला गट नंबर आणि खाते नंबर देऊन हे काम सांगून जा. मी स्वतः शेतकरी आहे, शेजाऱ्याच्या गटाचे दोन फोटो काढायला दहा मिनिटं लागतात. कुणी नाही म्हणत नाही, फक्त आधी सांगावं लागतं.

पीएम किसान, लाडकी बहीण, बँक, सगळीकडं ओटीपी येतो. ज्या सिमला आधार जोडलंय ते सिम कुणाच्या फोनमध्ये राहणार, हे ठरवा आणि त्याचं रिचार्ज संपू देऊ नका. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, हे घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांनाही बजावून ठेवा.

वीजबिल भरून जा. गॅस सिलिंडर बंद, मेन स्विच बंद. धान्याच्या कणग्या जमिनीपासून वर ठेवा. दागिने कुलूपबंद घरात ठेवू नका.

सामान : थोडं, पण नेमकं

कोपीसाठी जाड ताडपत्री, बांबू, सुतळी, तार. जमिनीवर अंथरायला जाड ताडपत्री वेगळी. झाकणाचा पाण्याचा ड्रम किंवा कॅन. सौर दिवा किंवा चार्जिंगची बॅटरी दोन. मच्छरदाणी. पहिल्या पंधरा दिवसांचं पीठ, डाळ, तिखट-मीठ, शेंगदाण्याची चटणी, कारण पोचल्या पोचल्या दुकान सापडतंच असं नाही. थंडीचे कपडे वर ठेवा, फडातली पहाट कडक असते. बायांसाठी पॅड किंवा स्वच्छ सुती कापड पुरेसं घ्या.

औषधांचा डबा वेगळा : जखमेवरचं मलम, पट्टी, तापाच्या गोळ्या, ओआरएस. कोयता लागला तर जखम धुऊन स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. साप चावला तर माणसाला चालू देऊ नका, चिरू नका, बांधू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा.

कागदांसाठी एक प्लॅस्टिकची पिशवी करा. त्यात सगळ्यांची आधार कार्डं, रेशन नंबर, शिक्षण हमी कार्ड, लसीकरणाचं कार्ड, आयुष्मान कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, उचलीची वही. मूळ कागद शक्य तितके घरी आणि झेरॉक्स सोबत. सगळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये. ही पिशवी बोचक्यात टाकायची नाही, बाईच्या हातातल्या पिशवीत ठेवायची. कोपीला आग लागली किंवा अवकाळी पाऊस आला तर पहिली तीच उचलायची.

निघायचा दिवस आणि पहिला आठवडा

ट्रॉलीत जड सामान खाली, माणसं मध्ये, लेकरं कडेला नाहीत. सामानाच्या ढिगावर बसून रात्रीचा प्रवास करू नका. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि त्यावर माणसं असतील तर चालकाला हळू हाकायला सांगायचा टोळीतल्या प्रत्येकाला हक्क आहे. चालकानं घेतलेली दिसली तर गाडीत बसू नका. थांबा झाला की लेकरं मोजा.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात कोपी उभी राहिली की चार ठिकाणी तोंड दाखवा : जवळचं रेशन दुकान, शाळा, अंगणवाडी आणि सरकारी दवाखाना. टोळीतल्या दोघांनी एक सकाळ काढून सगळ्यांच्या वतीनं चौकशी केली तरी भागतं. कारखान्याचं नाव, गट ऑफिस, आपण उतरलो ते गाव आणि शेतकऱ्याचं नाव घरी फोनवरून कळवा. अडचण आली तर "कुठंतरी साताऱ्याकडं आहेत" एवढ्यावर मदत पोचत नाही.

पट्टा पडला की परत निघायच्या आधी दोन कागद मागून घ्या. तिकडच्या शाळेकडून मुलाच्या हजेरीची आणि अभ्यासाची नोंद, आणि मुकादमाकडून टन, खर्ची, फिटलेली उचल यांचा लेखी हिशोब. तो आपल्या वहीशी ताडून बघा. बाकी निघत असेल तर किती, हे दोघांच्या सहीनं लिहून घ्या, कारण पुढच्या दसऱ्याला बोलणं तिथूनच सुरू होतं.

टोळीतल्या सगळ्यांकडं मोठा फोन नसतो. ज्यांच्याकडं नाही त्यांना एकदा हे वाचून दाखवा.